डब्यातली वरची ओंजळ

शाळेतल्या बाई अंकासाठी लिहा म्हणून मागे लागल्या, तेव्हा मी त्यांना म्हटलं, "बाई, एकतीस वर्षं मी लोकांचं दळण दळलं. त्यात लिहिण्यासारखं काय असणार? पट्टा तुटला, पट्टा जोडला. लाईट गेली, लाईट आली." त्या म्हणाल्या, तेच लिहा. तेच लिहायला बसले होते, पण पेन सारखं अश्विनीकडेच जायला लागलं. तिचं सांगितल्याशिवाय बाकीचं काही सांगितलं तर ते मलाच खोटं वाटेल.

मालगुंडच्या अलीकडे रस्त्याला लागून आमची पिठाची गिरण आहे. मिस्टर मुंबईला नोकरीत होते, मी इकडे सासू-सासऱ्यांजवळ. गिरण घातली तेव्हा बाईमाणूस मशीन चालवणार म्हणून अर्धी वाडी बघायला आली होती. पहिल्याच दिवशी पट्टा निसटला आणि अर्धी वाडी हसली. मी पट्टा चढवला आणि सगळ्यांना म्हटलं, हसून झालं असेल तर डबे पुढे करा.

गिरणीत कधी न आलेल्यांसाठी थोडं सांगते, पुढे लागणार आहे. मशीनमध्ये दोन दगड असतात, एक थांबलेला, एक फिरता. वरून धान्य पडतं, दगडांमधून भरडून कापडी बाहीतून पीठ खाली डब्यात येतं. दळण संपलं तरी दगडाच्या खाचांत आणि बाहीत थोडं पीठ अडकून राहतंच. म्हणून गव्हानंतर तांदूळ टाकायचे झाले, तर तांदळाच्या पहिल्या दोन मुठी दळून बाजूला काढायच्या. त्या मुठींनी आतला गहू बाहेर येतो. आणि दुसरी गोष्ट म्हणजे घट. पाच किलो धान्याचं पाच किलो पीठ कधीच होत नाही. काही उडतं, काही मशीनच्या पोटात राहतं. माझ्या केसांवर, भुवयांवर जे बसतं ते तर कुठल्याच डब्यात जात नाही.

ही घट लोकांना पटवणं महाकठीण. गिरण सुरू होऊन दोनच महिने झाले होते. आमच्या वाडीतल्या इंदूताय डबा घेऊन घरी गेल्या आणि तशाच डोक्यावर डबा घेऊन परत आल्या. गिरणीत सात-आठ बायका उभ्या. इंदूतायंनी कडीला धरून डबा एकदा हवेत झुलवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "शालन, माजं पीठ कमी आलंय. तुजी गिरण खाते का तू खातेस गो?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची. कानशिलं तापली. चोर म्हणाल्याच त्या मला, फक्त शब्द वेगळा वापरला. त्या दिवसापासून मी मशीनखाली दोन डबे ठेवले. गव्हाचं जे पीठ बाजूला निघेल ते एकात, तांदूळ-नाचणीचं निघेल ते दुसऱ्यात. दुसऱ्याला मी पांढरा डबा म्हणायचे. गिऱ्हाइकाचं दळण झालं की त्याच्या धान्याच्या डब्यातली एक ओंजळ त्याच्या पिठावर टाकायची, तळहाताने थापायची आणि मग झाकण लावायचं. ज्याची घट त्याला भरून द्यायची. दोन वर्षांत पंचक्रोशीत झालं, शालनच्या गिरणीतून डबा कधी कमी येत नाय. इंदूताय स्वतःच सगळ्यांना सांगत सुटल्या. पुढे आमचं इतकं जमलं की गिरण बंद करून मी रोज संध्याकाळी त्यांच्याच पडवीत चहाला. मला त्या ओंजळीचा किती ताठा होता म्हणून सांगू! हात आपोआप डब्याकडे जायचा. शेवटी शेवटी तर मी ती टाकतेय हेही मला कळत नसे.

गिऱ्हाइकं एकेक नग. एक निवृत्त गुरुजी गहू, सोयाबीन, मेथी, हरभरा, ओवा असं काय काय एकत्र घेऊन येतात आणि त्याला ताकदीचं पीठ म्हणतात. त्यांच्यामागे नंबर लागला की भांडण ठरलेलं, कारण पुढच्या घरच्या भाकरीला मेथीचा वास. एकदा आरे-वारेच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टमधल्या पुण्याच्या बाई गाडीतून उतरल्या. डोळ्याला काळा चष्मा. "मावशी, ग्लुटेन फ्री आटा मिळेल? मी गहू सोडलाय." मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं? म्हणाल्या, नाही हो, हलकं वाटतं. मी त्यांना नाचणीचं पीठ दिलं. जाताना त्यांनी शेजारच्या टपरीवर उभं राहून गरम वडापाव खाल्ला. मी पोट धरून हसले. गहू सोडणं म्हणजे असली मोठ्या घरची थेरं, हे माझ्या डोक्यात तेव्हाच पक्कं बसलं. त्याचं फळ दुसऱ्याच कुणाला भोगायला लागलं.

इंदूतायंच्या नितीनचं लग्न झालं. नितीन लोट्याला कंपनीत आहे. तिकडेच कंपनीतली चौघं मिळून एक खोली घेऊन राहतात, तो सुट्टीला घरी येतो. सून अश्विनी चिपळूणकडची, बी.ए. झालेली, बोलायला गोड. पण दिसायला अशी की वारा आला तर हिला धरायला पाहिजे. लग्नात सगळे म्हणाले, सासरी आली की भरेल अंगाने. भरायचं राहिलं बाजूला, दर महिन्याला आणखी उतरत चालली. पोट बिघडायचं, केस गळायचे, रक्त इतकं कमी की जिना चढताना भिंतीला धरायची. रत्नागिरीला डॉक्टर झाले, मग कोल्हापूरला नेऊन आतड्याचा तुकडा तपासला. गहू बंद. गहू म्हणजे मैदा, रवा, शेवया, पाव, बिस्किट सगळंच. जन्मभर. त्यात सोयाबीनचंही वावडं निघालं. ते खाल्लं की ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या. डॉक्टरांनी बजावलं, रक्त सुधारल्याशिवाय मुलाचा विचार करायचा नाही.

इंदूताय माझ्याकडे येऊन रडल्या. "शालन, खाऊ काय घालू गो हिला?"

तेव्हा आम्ही दोघी शिकायला बसलो. दुकानातल्या प्रत्येक पुड्यावरचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचायचं. बाजारच्या हिंगात गव्हाचं पीठ असतं हे मला या वयात कळलं! म्हणजे आमटीला फोडणी दिली की गहू पोटात गेलाच. तेलाच्या पिशवीवर सोयाबीन, चॉकलेटात सोया, भाजीच्या तयार मसाल्यात पण काहीतरी. मासे तळताना रवा लावतात, तो बंद करून तांदळाचं पीठ लावायचं. पुऱ्या तळलेल्या तेलात तिचा पापड तळायचा नाही. इंदूतायंनी तिची कढई वेगळी केली, पोळपाट वेगळा केला. हिंग फेकून दिला. मी ते सगळं जवळून पाहिलंय, म्हणून सांगते, सासू म्हणून ती बाई कुठे कमी पडली नाही.

आणि मी? मी माझ्या परीने जीव ओतला. इंदूताय तिच्या तांदळाचा डबा आणायच्या तेव्हा मी मशीन बंद करायचे. बाही काढून उन्हात झटकायचे, ब्रशने दगड साफ करायचे. दोन मुठी कशाला, चांगले किलोभर तांदूळ आधी माझ्या पदरचे दळून काढायचे. मग तिचं दळण. रांगेतल्या बायका कुरकुरायच्या. मी त्यांना सुनवायचे, "पोरीच्या जिवाचा प्रश्न हाय. थांबायचं तर थांबा, नायतर जावा दुसरीकडे."

तरी अश्विनी सुधारेना. सहा महिन्यांनी रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, हिच्या पोटात गहू जातोय. रोज जातोय. रिपोर्टच सांगतोय.

आता घरात गव्हाचा कण तिच्या ताटात येत नव्हता, हे इंदूतायंना पक्कं ठाऊक. मग जातोय कुठून? पोरगी रडून सांगायची, आई, मी काही खात नाही. पण कागदावर छापून आलेल्यापुढे तिचं कोण ऐकणार? जयंतीला विहारात जेवण होतं. पुरी, भाजी, शेवयांची खीर. ती नुसता भात आणि केळं घेऊन कोपऱ्यात बसली. बायका एकमेकींना कोपरं मारून म्हणत होत्या, चारचौघांत नाटक, घरी चोरून खाते. मी तिथेच होते. मी त्यांना गप्प बसवायला हवं होतं.

गप्प बसवणं लांबच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडवीत चहा पिताना मीच इंदूतायंना म्हटलं, "तोंडाला चव लागली की पोरी ऐकत नायत हो. माझ्या आत्याला साखर बंद होती, ती तांदळाच्या डब्यात पेढे लपवायची. तुम्ही कपाटाला कुलूप लावा." हे माझे शब्द.  इंदूतायंनी कुलूप लावलं. गव्हाचं पीठ, पाव, बिस्किटं सगळी कुलपात आणि चावी कमरेला. सुनेच्या डोळ्यांसमोर सासू चावीने बिस्किट काढून शेजारच्या पोरांना द्यायची. अश्विनीने आत बसून ते कसं सोसलं असेल, ते तिलाच माहीत. नितीन सुट्टीवर आला की तोही विचारायचा, खरं सांग, काय खातेस? शेवटी ती काही बोलायचीच बंद झाली.

मग तिचे वडील आले आणि तिला माहेरी घेऊन गेले. आठ दिवस म्हणून नेलं, दोन महिने झाले. माहेरी तिची आई मिक्सरवर तांदूळ फिरवून जाडीभरडी भाकरी करायची. तिथे तिचं पोट थांबलं, तोंडावर तेज आलं, रक्त वाढलं. हे कळल्यावर वाडीत काय निघालं? बघा, आईच्या डोळ्यांसमोर हिला चोरता येत नाय, म्हणून सुधारली! वडिलांनी नितीनला फोनवर सांगितलं, पोरीला पाठवतो, पण पुन्हा अशी झाली तर तिचं सामान पण घेऊन जाईन. इंदूताय त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "एकच पोरगा हाय गो. ह्याचा संसार माज्या डोळ्यांसमोर मोडणार." मी म्हटलं, तुम्ही कडक राहा. काय अक्कल माझी!

अश्विनी परत आली आणि तिसऱ्या दिवशी स्वतः तांदूळ घेऊन गिरणीत आली. इंदूतायंचा गुडघा धरला होता म्हणून. तोवर तिचा डबा नेहमी त्याच आणायच्या.

सकाळची वेळ, गिरणीत आम्ही दोघीच. मी नेहमीसारखं मशीन बंद केलं. बाही झटकली, ब्रश फिरवला, किलोभर तांदूळ आधी दळून काढले. ती बाकावर बसून बघत होती. म्हणाली, "काकी, तुम्ही माझ्यासाठी किती करता हो." मी म्हटलं, "तू पण आमच्यासाठी कर की. जिभेला आवर घाल." लागलं तिला. तिने मान खाली घातली.

तिचं दळण झालं. पीठ डब्यात आलं. माझा हात खाली गेला, ओंजळ भरून वर आला, पिठावर पडला, थापटलं आणि झाकण लावलं.

"काकी, ते काय टाकलंत वरून?"

"घट भरून दिली गो. सगळ्यांनाच देते."

"पण कुठल्या डब्यातलं पीठ आहे ते?"

"तांदळाचंच हाय. गव्हानंतर पहिलं जे पांढरं निघतं ना, ते मी त्या डब्यात..."

 मशीन फिरतच होतं, मला त्याचा आवाज यायचा बंद झाला. तिच्यासाठी किलोभर तांदूळ टाकून आतला गहू मी बाहेर काढत होते. गुरुजींचं सोयाबीन बाहेर काढत होते. आणि तो सगळा गहू, ते सगळं सोयाबीन त्या पांढऱ्या डब्यात साठवून, ओंजळ भरून तिच्याच पिठावर थापत होते. अन्न कसं टाकायचं म्हणून ते कधी फेकलं नाही. जितकं मन लावून मी साफ करत होते, तितका माझा पांढरा डबा जास्त वाईट होत होता. पांढरं दिसतं ते तांदळाचं, एवढंच मला माहीत.

मी मशीन बंद केलं. तिला कसं सांगितलं ते आठवत नाही, पण सांगितलं. मला वाटलं ही आता ओरडेल, डबा माझ्या अंगावर ओतेल. तिने पदर तोंडाला लावला आणि हुंदके देऊन रडायला लागली.

"काकी, म्हणजे मी खात नव्हते ना? खरंच नव्हते ना? मला वाटायला लागलं होतं, मीच झोपेत उठून काही खाते की काय. माझाच माझ्यावर विश्वास राहिला नव्हता हो."

मी तिला जवळ घेतलं. तिच्या साडीला माझं पीठ लागेल म्हणून चटकन सोडलं, आणि त्या विचाराने मीच रडायला लागले.

तशीच गिरण उघडी टाकून, पिठाने माखलेली, तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. माझं नशीब की नितीन सुट्टीवर होता. इंदूताय पडवीत गुडघ्याला तेल चोळत होत्या.

"इंदूताय, नितीन, दोघं पण ऐका. ही पोर चोरून काय खात नव्हती. मी हिला गहू भरवत होते."

"तू? तू कशी गो?" इंदूताय हसल्याच आधी. त्यांना वाटलं माझं काहीतरी बिनसलंय.

मी ओंजळीचं सगळं सांगितलं. सांगत होते तसतसा त्यांचा चोळणारा हात थांबला. नितीनने बायकोकडे बघितलं आणि तो उठून आत गेला. त्याला आमच्यासमोर रडायचं नव्हतं.  ती ओंजळ मी कुणामुळे टाकायला लागले, हे मी बोलले नाही. मला ते बोलायचंही नव्हतं, चूक माझ्या हाताची होती. पण इंदूतायंना आठवलं असावं. त्यांनी कमरेची चावी सोडली, सुनेचा हात ओढून तिच्या तळहातावर ठेवली आणि वरून तिची बोटं मिटवली. माफी वगैरे शब्द आमच्याकडे कुणी बोलत नाही.

मी म्हटलं, "आता माझ्याकडे दळण आणू नका. मिक्सरवर करा, नायतर घरघंटी घ्या. माझ्यावर विश्वास टाकू नका." आणि निघाले.

ते पांढऱ्या डब्यातलं पीठ मी गुरांच्या आंबोणात घातलं आणि डबाही गिरणीतून हलवला. कोपऱ्यात एक लहान मशीन पडून होतं, त्याला नवे दगड बसवले, मधे भिंत घालून त्याची खोली वेगळी केली. त्या खोलीत फक्त तांदूळ आणि नाचणी. ते दळण गुरुवारी सकाळी, तेव्हा मोठं मशीन बंद, कारण गव्हाचं पीठ हवेतूनसुद्धा जातं. आणि ओंजळ कायमची बंद. बाहेर खडूने लिहिलं, घट भरून मिळणार नाही. अहो, काय ओरडा झाला! जुन्या बायका म्हणाल्या, शालनला म्हातारपणी हाव सुटली. गुरुजी ताकदीचं पीठ घेऊन दुसऱ्या गिरणीत गेले. त्यांचं मला दुःख नाही. पण गुरुवारी सकाळी ते नवे दगड तसेच बसून असायचे आणि ज्या घरासाठी हे केलं, त्या घराची वाट मी बघायचे. संध्याकाळचा चहाही बंद झाला होता. त्यांनी बंद केला नव्हता, मलाच त्या पडवीत जायचं तोंड नव्हतं.

चार महिने गेले. एका गुरुवारी दारात सावली पडली. इंदूताय, डोक्यावर डबा.

"हाय का गो मशीन मोकळं?"

मी डबा उतरवून घेतला. त्या बाकावर टेकल्या, श्वास घेतला. म्हणाल्या, "रिपोर्ट चांगला आलाय अश्विनीचा. मिक्सरची भाकरी थापताना फुटते म्हणून कंटाळलीय. तीच म्हणाली, काकीकडे न्या."

मी तांदूळ वर टाकले. दळण झालं. मग डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला, झाकण अजून लावायचं होतं. त्यांनी कडीला धरून तो हवेत एकदा झुलवला, एकतीस वर्षांपूर्वी झुलवला होता तसाच.

"हलका लागतोय."

मी सांगितलं नव्हतं, तरी माझा हात खाली गेला. तिथे आता डबा नाही हे त्या हाताला कुठे ठाऊक! इंदूतायंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"राहूंदे," त्या म्हणाल्या. "कमीच बरा हाय."

मग झाकण त्यांनीच लावलं, डबा डोक्यावर घेतला आणि पायरी उतरताना मागे न बघता म्हणाल्या, "संध्याकाळी चहाला ये."